साहेबांची सकाळ

निवृत्तीनंतर ऑफिसचा फोन थांबतो आणि सकाळ अंगावर येते. मग साहेब स्वयंपाकघरातल्या डब्यांची तपासणी सुरू करतात. सूनबाईंना विचारा!

अशा वेळी मला एक जुनी गोष्ट आठवते. नकुलपिता नावाचे वृद्ध, आजारी गृहस्थ भगवान बुद्धांना भेटले. शरीर बरं होईल, असा दिलासा तथागतांनी दिला नाही. शरीर थकलं तरी मन आजारी पडू देऊ नका, एवढंच सांगितलं. मला तर हा उपदेश खास पेन्शनरांसाठीच वाटतो.

मनाची ही काळजी घ्यायला शिकवणाऱ्या, इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या विपश्यना ध्यानाच्या १० दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे ३ दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. शुल्क नाही, बोलणं नाही, हाताखाली शिपाईही नाही. दहा दिवस निघणं अवघड असेल, तर आज चहाच्या आधी दहा मिनिटं घरीच स्वस्थ बसा आणि श्वासाकडे लक्ष द्या.