त्याने एक दिवस दिला



स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे प्रेषित याकोब ह्यांची कबर आहे, अशी ख्रिस्तसभेची परंपरा सांगते. मध्ययुगापासून भाविक तेथे पायी जात आले आहेत. फ्रान्सच्या हद्दीतील सेंट-जाँ-पिए-द-पोर गावापासून ही वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे. आपल्यापैकी कुणी पहिल्यांदाच निघायचे ठरवले, तर आधी प्रश्न येतो तो रजेचा.

आपण हिशेब करतो: महिन्याची रजा, रोज २६ किलोमीटर, झाली यात्रा! पण ह्या हिशेबात जाण्यायेण्याचे दिवस नसतात, पायाला आलेले फोड नसतात, पहिल्याच दिवशीची पिरिनीज पर्वताची चढण नसते. मुख्य म्हणजे त्यात दुसरा माणूस नसतो. सोबत्याचा गुडघा सुजला तर? परतीचे तिकीट काढलेले असते, एकही दिवस हाताशी नसतो. मग त्याला मागे ठेवून आपण पुढे निघतो. "काय करणार, वेळच नव्हता," असे म्हणतो आणि मनाला टोचणीही लागत नाही.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात एक बारीकसा तपशील आहे. जखमी माणसाला उतारशाळेत नेल्यावर तो तेथील मालकाला पैसे देतो ते दुसऱ्या दिवशी (लूक १०:३५). म्हणजे रात्रभर तो तेथेच राहिला. तोही वाटसरूच होता, त्यालाही कुठेतरी पोहोचायचे होते. त्याने तेल, द्राक्षारस आणि पैसे दिले, हे आपल्या लक्षात राहते. त्याने आपला वेळ दिला, हे राहत नाही. याजक आणि लेवी ह्यांना दया आली नाही की सवड नव्हती, हे शुभवर्तमान सांगत नाही. वाटेवर पडलेल्या माणसाला दोन्ही सारखेच.

म्हणून यात्रेची आखणी हा सोयीपुरता प्रश्न नाही, तो शेजारप्रीतीचा आहे. पूर्ण वाटेसाठी पाच आठवडे तरी हवेत, आणि वर काही दिवस राखीव. तेवढी रजा नसेल, किंवा घरी म्हातारे आईवडील असतील, तर त्यांच्या वाट्याचे दिवस ओढून घेऊ नयेत. वाटच लहान करावी. बुर्गोस शहरापासून सुमारे ४९० किलोमीटर राहतात, लेओनपासून सुमारे ३१०. यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी तर शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी पुरते.

आपल्यातले बहुतेक जण सांतियागोला जाणारही नाहीत. पण कामावरून घरी येण्याची वाट तरी आपण रोजच चालतो. त्या वाटेवर कुणासाठी थांबता येईल, एवढा वेळ आपण हाताशी ठेवतो का?