क्षमा, शिक्षा आणि घरातला मार

सज्जनहो, क्षमेचे माहात्म्य वारकऱ्यांना नव्याने सांगावे असे नाही. पण हीच क्षमा कधी कधी आपल्या हातून भलत्याच ठिकाणी खर्च होते. परळ-लालबागच्या एखाद्या चाळीत नवऱ्याने बायकोला मारले, प्रकरण कोर्टात गेले, गुन्हा शाबीत झाला, की शेजारीपाजारी नि भजनी मंडळी गोळा होतात आणि म्हणतात, "साहेब, माणूस वाईट नाही हो. माळकरी आहे, दरसाल पंढरीला जातो. राग आला, हात उठला. जरा हलकं करा." असे म्हणावे की नाही, आणि म्हणावे तर कशाच्या आधारावर, याचा आज विचार करू.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. विवाहितेच्या छळासाठी १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. या 'पर्यंत' शब्दातच न्यायाधीशाच्या विवेकाला जागा ठेवली आहे. शिवाय १९७३ च्या प्रक्रिया संहितेपासून, दोषी ठरलेल्याला शिक्षेबद्दल काय सांगायचे आहे ते आधी ऐकून घ्यावे अशी रीत पडली. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने योग्य प्रकरणी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताही येते. म्हणजे कायदा निर्दय नाही. दया कोणत्या कारणासाठी करायची, एवढाच प्रश्न.

पहिले कारण रागाचे. या बाबतीत मुंबईत गाजलेला खटला कमांडर नानावटी यांचा. पत्नीचे दुसऱ्याशी संबंध आहेत हे तिच्याच तोंडून कळल्यावर २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी प्रेम आहुजांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले आणि शहराने टाळ्या वाजवल्या. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कारण काय? बातमी कळल्यावर त्यांनी बायकामुलांना सिनेमाला सोडले, बोटीवर जाऊन खोटे कारण सांगून पिस्तूल घेतले आणि मग आहुजांचे घर गाठले. मध्ये सुमारे तीन तास गेले. कायदा ज्या रागाला सवलत देतो तो गंभीर आणि अचानक असावा लागतो. पुढे १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली ही गोष्ट वेगळी. न्यायाचा धडा मात्र तीन तासांचाच राहिला.

तो मारहाणीपुरता गृहस्थाला लावून पाहा. गिरण्या चालू होत्या तेव्हा खात्यातला जॉबर चारचौघांत अपमान करी. त्याच्यावर कोणी हात टाकीत नसे, कारण नोकरी जाईल. तो राग पाळी संपेपर्यंत पोटात राही, जिना चढून खोलीत येई आणि जी उलट मारू शकत नाही तिच्यावर निघे. ज्या रागाला साहेबापुढे गप्प बसायचे कळते आणि बायकोपुढे सुटायचे कळते, त्याला आंधळा कसा म्हणावे? त्याला चांगले दिसते.

दारूचेही तेच. कोणी फसवून किंवा बळजबरीने पाजली असेल तर कायदा वेगळा विचार करतो. आपल्या हाताने प्यायलेल्याला नशेची सबब मिळत नाही. "प्याल्यावर तो त्याचा राहत नाही," असे आपण म्हणतो. मग पिण्याआधी तर तो त्याचाच असतो ना?

तिसरे कारण गरिबीचे, आणि ते सहज झटकून टाकण्याजोगे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना कामावर परत जाणे घडलेच नाही. घरेच्या घरे खचली. न्यायाधीशाने हे दुःख मोजलेच पाहिजे. पण एकाच पारड्यात नको. त्याच खोलीत, त्याच उपासमारीत त्याची बायकोही होती. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांनी रोज दहा-वीस माणसांचे डबे रांधून घरे ओढली. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. जी विपत्ती दोघांवर सारखी आली आणि एकानेच हात उचलला, ती विपत्ती त्या हाताचे कारण म्हणून पुरी पडत नाही.

चौथे, "पहिलाच गुन्हा आहे हो." चोराच्या बाबतीत हे ठीक. घरात मात्र कोर्टापर्यंत आलेला पहिला गुन्हा म्हणजे पहिला मार नव्हे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला हे न्यायाधीशापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि तोच चांगुलपणाची ग्वाही द्यायला उभा राहतो!

पाचवे, "तो आत गेला तर घर कोण चालवणार?" ही अडचण खरी आहे. पण ती तिची अडचण आहे, त्याचा गुण नव्हे. म्हणून ती तिला विचारावी, आणि त्याच्या माणसांच्या घोळक्यात विचारू नये. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो अशा बाईला निवांत बोलता यावे म्हणूनच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला घरात राहण्याचा, पोटगीचा आणि संरक्षणाचा हुकूम मागता येतो. तुरुंग किंवा उपासमार, एवढे दोनच रस्ते आता उरलेले नाहीत.

मग कोणतेच कारण खरे नाही काय? आहे. संत बहिणाबाईंचे चरित्र आठवा. भक्तीपायी त्यांनी नवऱ्याचा मार खाल्ला, ते त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवले आहे. तोच नवरा पुढे आजारी पडला, तिने सेवा केली, त्याला पश्चात्ताप झाला, आणि ज्या तुकोबांची तो निंदा करी त्यांच्या देहूला तो तिच्यासह गेला. पश्चात्ताप असा पायांनी चालून दाखवावा लागतो. दारू सोडली, वेगळे राहायचे कबूल केले, पैसे नियमित दिले, तिच्यावर तक्रार मागे घेण्याचा दाब आणला नाही, तर न्यायाधीशाने ते जरूर पाहावे. शिक्षेच्या दिवशी डोळ्यांत आलेले पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि दुसरे खरे कारण आपण बहुधा विसरतो. वर्षानुवर्षे मार खाऊन एखादी बाईच एके दिवशी उलटते. विलायतेत किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईने दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली नवऱ्याला पेटवले, तो मेला, तिला जन्मठेप झाली. १९९२ साली ती शिक्षा रद्द होऊन ती सुटली. जीव घेणे योग्य असे कोणी म्हणत नाही. पण तिचा राग एका दुपारचा नव्हता. नानावटी खटल्यातच सुप्रीम कोर्टाने म्हटले होते की मृताच्या आधीच्या वागण्याने घडलेली मनःस्थितीही विचारात घेता येते. ज्याच्याकडे बळ होते त्याचा राग आणि जिला पळायला जागा नव्हती तिचा राग एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

राहता राहिली माळ. माळ म्हणजे चांगुलपणाचा दाखला नव्हे, ते घेतलेले व्रत आहे. ती घालून दारू प्यायला नि बायकोला मारले, तर एकाच्या जागी दोन अपराध झाले. ती कोर्टात पुढे करून शिक्षा कमी मागणे म्हणजे पांडुरंगालाच जामीन उभे करणे. भजनी मंडळाला खरोखर दया करायची असेल तर तिचा पहिला मान मार खाणारीचा. तिच्या दाराशी आधी जावे, तिला काय हवे ते ऐकावे. मग तिच्या नवऱ्याबद्दल कोर्टात खरे तेवढेच सांगावे. क्षमा करण्याचा अधिकार जिला लागले तिचा. ती तिच्या वतीने परस्पर वाटून टाकणे हे आपले काम नाही.

असो. रामकृष्ण हरि.