वायर बदलली, जोडणी राहिली

इस्लामपूरहून आष्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका मामांचं वेल्डिंगचं शेड होतं. शेडात एक जुनं सीओटू मशीन होतं. एमआयडीसीतला एक कारखाना बंद पडला, तेव्हा मामांनी ते लिलावात घेतलेलं. भरीव वायर रोलरमधून टॉर्चकडे सरकायची, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड वितळलेल्या लोखंडाभोवती पसरून त्याला हवेपासून झाकायचा, आणि जोडाचा रन असा पडायचा की बघत राहावं. ग्रील, गेट, शेडचे अँगल, सगळं त्याच मशीनवर व्हायचं. हाताखाली मामांचा भाचा होता. आयटीआयतून वेल्डर ट्रेड करून आलेला, हुशार आणि हाताचा चपळ.

दिवाळी झाली, साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं आणि उसाच्या ट्रॉल्या दारात उभ्या राहू लागल्या. कुणाच्या चॅनेलला तडा, कुणाची साइड उचकटलेली. भरलेली ट्रॉली शेडात मावत नाही. उसावर ओली पोती टाकून ती उघड्यावरच जोडावी लागते, आणि उघड्यावर वारा असतो. ताशी आठ-दहा किलोमीटरची झुळूकसुद्धा टॉर्चचा गॅस उडवून लावायला पुरते. मग वितळलेल्या लोखंडात हवा शिरते आणि थंड झालेल्या रनवर बारीक भोकं दिसतात. रॉडचं मशीन होतं, पण लांब रन मारताना सारखा रॉड बदलावा लागे. तोवर ऊस वाळायचा, वजन घटायचं आणि ट्रॉलीवाल्याचा जीव खालीवर व्हायचा.

भाच्याने यावर उपाय शोधला. “मामा, फ्लक्स कोअर वायर आणू या. नळीसारखी पोकळ असते, पोटात मसाला भरलेला. मसाला जळला की त्याचाच गॅस होतो, वर स्लॅगचा थर बसतो. सिलिंडरच नको. वाऱ्यातही रन मारता येतो.”

“आण की,” मामा म्हणाले.

भाचा सांगलीला गेला. दुकानदाराने विचारलं, गॅसवर चालणारी पाहिजे की बिनगॅसची? दोन्ही जातींना फ्लक्स कोअरच म्हणतात. भाच्याला ते ठाऊक होतं. त्याने बिनगॅसची, ई७१टी-११ जातीची १.२ मिलिमीटरची वायर निवडून घेतली. आल्या आल्या स्पूल चढवलं, सिलिंडर बंद केला आणि टॉर्च हातात घेतली.

पहिल्याच रनला तडतडाट झाला. ठिणग्या चौफेर उडाल्या, गोट्यांएवढा स्पॅटर आजूबाजूला चिकटला. रन चॅनेलमध्ये शिरलाच नाही, नुसता वर बसला. थोड्या वेळाने फीडरमध्ये वायरचा गुंता झाला. भाच्याने व्होल्टेज वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, वायरचा स्पीड फिरवला. काही जमेना.

ट्रॉलीवाला म्हणाला, “वायर बोगस दिसती.”

भाचा म्हणाला, “वायर चांगली आहे. मशीनच म्हातारं झालंय. मामा, हे भंगारात देऊ आणि कर्ज काढून नवं घेऊ.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “भंगारवाला कुठं पळून जात नाही. आधी सांग, तू बदललंस काय?”

“वायर.”

“आणि?”

“गॅस बंद केला.”

“खोक्यावर काय छापलंय ते वाच.”

भाच्याने खोका उचलला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: डीसी, इलेक्ट्रोड निगेटिव्ह. तो गप्प झाला. आयटीआयच्या वर्गात हे शिकवलेलं त्याला आठवलं. भरीव वायर गॅसवर चालवताना टॉर्च प्लसवर असते आणि अर्थिंग मायनसवर. ही बिनगॅसची वायर मात्र मायनसवर चालण्यासाठीच बनवलेली. तिच्यातला मसाला, तिचं वितळणं, सगळं त्याच हिशेबाने बेतलेलं. त्याने वायर नवी घातली, पण करंट जुन्याच वाटेने सोडला होता.

मामांनी मेन स्विच बंद केला, प्लग काढून बाजूला टाकला आणि भाच्याला थांबायला लावलं. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो, तो उतरू द्यावा लागतो. मग मीटर लावून खात्री केली आणि बाजूचा पत्रा उघडला. आत तांब्याच्या दोन बोल्टांवर दोन केबल कसलेल्या होत्या. टॉर्चची केबल प्लसवरून मायनसवर घेतली, अर्थिंगची प्लसवर. नटांवरची धूळ आणि गंज पॉलिश पेपरने काढून ते घट्ट आवळले.

“आता रोलर बघ,” मामा म्हणाले. भरीव वायरीसाठी बसवलेला गुळगुळीत खाचेचा रोलर होता. त्यावर ही वायर घसरत होती, म्हणून भाच्याने दाब वाढवला होता. पोकळ वायर त्या दाबाने चेपली, टॉर्चच्या टिपमध्ये अडकली आणि मागे गुंता झाला. मामांनी दातेरी रोलर बसवला आणि दाबाचा स्क्रू इतकाच कसला, की वायर सरकेल पण चपटी होणार नाही. चेपलेला तुकडा कापून टाकला, टिप नवी लावली. गॅसचं नोझल काढून ठेवलं.

“आता हात बदल. एरवी तू टॉर्च पुढे ढकलतोस. स्लॅग होणारी वायर असली की टॉर्च मागे ओढायची, नाहीतर स्लॅग रनमध्ये अडकतो. टिपपासून वायर जरा जास्त बाहेर ठेव, दीड-दोन सेंटिमीटर. आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहा, ह्याचा धूर फार असतो.”

भाच्याने काच खाली घेतली. या वेळी आवाज एकसारखा, चरचरीत आला. रन संपल्यावर चिपिंग हॅमरचा हलका ठोका मारला, तसा स्लॅगचा पापुद्रा सुटला आणि खाली सारखी, दाट खवल्यांची रेघ दिसली. चॅनेलमध्ये नीट शिरलेली. वारा वाहत होता आणि एकही भोक नव्हतं.

ट्रॉलीवाला खूश झाला. “मामा, हूकसुद्धा ह्याच वायरीने मारून टाका.”

“नाही,” मामा म्हणाले. “हुकाला झटके बसतात. ह्या जातीच्या वायरीला धक्का सोसण्याची परीक्षा लावलेलीच नसते. तिथे ७०१८ चा रॉड, तोही ओव्हनमध्ये तापवून. आणि पातळ पत्र्याचं काम आलं की पुन्हा भरीव वायर, गॅस आणि जुनी जोडणी.”

भाचा म्हणाला, “मामा, मी मशीनला नावं ठेवत होतो.”

“सगळे तेच करतात. ठिबक बसवायचं आणि पाणी मात्र पाटानेच सोडायचं, मग म्हणायचं ठिबकाचा काही उपयोग नाही. एक वस्तू बदलली की तिच्या पुढचं-मागचं काय काय बदलायला हवं, ते आधी विचारावं.”

त्या गाळप हंगामात जुन्या मशीनने शेडासमोर उघड्यावर एकामागून एक ट्रॉल्या जोडल्या. मामांनी त्याच्या पत्र्यावर ऑइल पेंटने लिहून ठेवलं: भरीव वायर, टॉर्च प्लस; बिनगॅसची वायर, टॉर्च मायनस. पुढे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला भाचा आधी तेवढं पाठ करायला लावायचा.

तात्पर्य : अर्धवट बदल जुन्याचाही फायदा घालवतो आणि नव्याचाही मिळू देत नाही. घरात, शेतात, शाळेत, कचेरीत नवं काही आणाल तेव्हा त्यासाठी कोणती जुनी जोडणी उलटी करावी लागेल हे आधी शोधा, आणि ती करण्याची तयारी ठेवा. तेवढं केल्यावरही जमलं नाही, तरच जुन्याला भंगार म्हणा.