पोटांत कालवतें तेव्हां

वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १०:२५-३७



हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांतून एखादी मुलगी परिचारिकेचें काम शिकावयास निघते, तेव्हां मंडळी प्रार्थना करून तिला निरोप देते. आणि कधीं कधीं पंधरा दिवसांतच ती खालीं मान घालून घरीं परत येते. काय झालें? तिनें पहिल्यांदाच उघडी जखम धुतांना पाहिली, रक्ताचा वास आला, डोळ्यांपुढें अंधारी आली आणि ती वॉर्डांतच कोसळली. कोणी हसलें. आतां ती म्हणते, "देवानें मला ह्या कामासाठीं बोलाविलेंच नाहीं. बोलाविलें असतें तर माझी छाती अशी कच्ची कां असती?" हा प्रश्न उपदेशकापुढें आला म्हणजे त्यानें काय उत्तर द्यावें, ह्याचा आज आपण विचार करूं.

प्रथम शरीराची गोष्ट समजून घेऊं. रक्त दृष्टीस पडतांच कित्येकांच्या हृदयाची गति क्षणभर वाढते आणि मग एकाएकीं मंदावते. पायांतील रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खालीं उतरतें, मेंदूस पुरेसें पोंचत नाहीं, आणि मनुष्य पडतो. आडवा झाला कीं रक्त पुन्हां मेंदूकडे वाहूं लागतें व तो लवकरच शुद्धीवर येतो. हें सर्व मज्जातंतूंचें काम आहे. त्यांत आपली इच्छा चालत नाहीं. पुष्कळदां ही प्रकृति आईबापांकडूनच आलेली असते, आणि धिप्पाड पुरुषही असे पडतात. म्हणून हें पाप नाहीं, भुताची बाधा नाहीं, आणि विश्वासाची उणीवही नाहीं.

आतां आपल्याच गांवची एक गोष्ट ऐका. १९१४ सालीं डिसेंबरच्या २६ व्या तारखेस ह्याच हिंगणघाटीं मुरलीधर देवीदास आमटे ह्यांचा जन्म झाला. पुढें सारा देश त्यांस बाबा आमटे म्हणूं लागला. आगगाडींत स्त्रियांची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांस ते आडवे गेले, म्हणून महात्मा गांधींनीं त्यांस 'अभयसाधक' असें नांव दिलें. वरोऱ्यास वकिली करीत असतां त्यांनीं डोक्यावरून मैला वाहण्याचेंही काम केलें. अशा मनुष्यास कशाची किळस येणार, असें आपणांस वाटेल. परंतु एके पावसाळी रात्रीं वाटेंत त्यांस तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी पडलेला दिसला. त्याचीं बोटें झडलीं होतीं, जखमांत किडे पडले होते. तो पाहतांच अभयसाधक पळाले.

कुष्ठरोग सहजासहजीं जडत नाहीं, आणि आज तो औषधानें पूर्ण बरा होतो. परंतु त्या काळीं त्याचें भय फार मोठें होतें. तरी आपलें तें पळणें बाबांस सहन होईना. ते परत फिरले. त्यांनीं तुळशीरामास निवारा केला, स्वहस्तें खाऊं घातलें, आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढें त्यांनीं वरोऱ्याच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांत काम केलें, वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण ह्यांची सेवा पाहिली, आणि १९४९ सालीं कलकत्त्यास जाऊन ह्या रोगाचें शिक्षण घेतलें. मग पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें, सहा रोगी आणि एक लंगडी गाय एवढ्या संसारावर आनंदवन उभें राहिलें. आपण पळालों होतों, ही गोष्ट त्यांनीं कधीं लपविली नाहीं. ते ती स्वतःच सांगत.

बाबा आमटे आपल्या मंडळींतील नव्हते. दृष्टांतांतील शोमरोनीही यहूद्यांच्या मंडळींतील नव्हता. याजकानें व लेव्यानें अर्धमेल्या मनुष्यास पाहिलें आणि ते दुसऱ्या बाजूनें चालते झाले. त्यांच्या मनांत काय आलें हें प्रभूनें सांगितलें नाहीं. कदाचित् त्यांच्याही पोटांत कालवलें असेल. शोमरोन्यानेंही तेंच रक्त पाहिलें, आणि त्यास कळवळा आला. मूळ ग्रीक भाषेंत तेथें जो शब्द आहे तो आतड्यांच्या नांवापासून झालेला आहे. आपली मराठीही हें जाणते. लेंकराचें दुःख पाहून आईचें आतडें तुटतें, असें आपण म्हणतों. जेथें किळस उत्पन्न होते तेथेंच दयाही उत्पन्न होते! मग त्या तिघांत भेद कोठें झाला? पायांत झाला. दोघांचे पाय दूर गेले. एकाचे जवळ आले, आणि त्यानें तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या.

आपले पाय जवळ कसे यावेत? प्रार्थना करावी, आणि प्रार्थनेबरोबर शहाणपणही वापरावें. उपाशीपोटीं वॉर्डांत जाऊं नये. पाणी भरपूर प्यावें, आपल्या वऱ्हाडी-वर्धेच्या उन्हाळ्यांत तर विशेष. गुडघे ताठ धरून एकाच जागीं फार वेळ उभें राहूं नये. जांभया, घाम, मळमळ, कानांत गुणगुण, दृष्टीस अंधुकपणा, ह्या पूर्वसूचना होत. त्या येतांच सिस्टरांस सांगून मागें सरावें, आणि बसावें किंवा निजावें. ह्यांत लाज नाहीं. रोग्याच्या अंगावर पडण्यापेक्षां वेळीं बसणें हीच त्याची सेवा.

स्वीडन देशांतील संशोधकांनीं १९८७ सालीं एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. हात, पाय व पोट ह्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यास ऊब येईपर्यंत, आवळून धरावे. मग वीस-तीस सेकंद सैल सोडावे. असें पांच वेळां करावें. ह्यानें रक्तदाब उतरत नाहीं व मूर्च्छा टळते. घरीं सराव करून मग ही युक्ति जखमेपुढें योजावी. प्रथम दुरून पाहावें, मग जवळून, मग स्वतः पट्टी बांधावी. पुष्कळांस अशी हळूहळू संवय होते. कोणास नाहींच झाली, तर औषधें देणें, रोग्यास भरविणें, त्याच्या घरच्यांस धीर देणें, हींही सेवेचींच कामें आहेत.

उपदेशक बंधूंनो, आपल्यासमोर कोणी मूर्च्छित झाल्यास गर्दी हटवा, त्यास सपाट निजवा, पाय उंच करा. वहाण हुंगवूं नका, तोंडांत पाणी ओतूं नका. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्धि न आली, किंवा श्रम करीत असतां, छातींत दुखून अथवा कारणावांचून वारंवार मूर्च्छा आली, तर विलंब न लावितां डॉक्टरांकडे न्या.

आणि ती परत आलेली मुलगी? तिच्या पहिल्या दिवसावरून तिचा न्याय करूं नका. पेत्रही भ्याला व बाहेर जाऊन रडला. तरी प्रभूनें आपलीं मेंढरें त्याच्याच हातीं सोंपविलीं. तिला घरीं जेवूं घाला, तिची गोष्ट न हसतां ऐका, आणि परतीच्या गाडींत बसवून देण्यास मंडळींतील कोणी तरी तिच्याबरोबर स्टेशनावर जा.

ज्या प्रभूनें कुष्ठरोग्यास हात लावण्यास अनमान केला नाहीं, तो आपल्या थरथरत्या हातांस स्थिर करो, आणि आपणांपैकीं जे पळाले आहेत त्यांस परत फिरण्याचें धैर्य देवो. आमेन.