टाचणानंतरची वही

चित्रात विहीर होती. गोल कठडा, रहाट, दोराला बांधलेला पोहरा. "हे काय आहे?" मी विचारले. आगऱ्यांच्या घरातला मुलगा म्हणाला, "बाव." कामगारांच्या खोल्यांतली एक मुलगी म्हणाली, "कुआँ." नव्या इमारतीत राहणारा एक जण म्हणाला, "टाकी." मला हवा असलेला शब्द कुणीच दिला नाही. मग तो मीच सांगितला, सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतला आणि पुढचे चित्र उचलले.

अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावातल्या बालवाडीत मी शिकवते. जुने गाव, जवळची आनंदनगरची औद्योगिक वसाहत आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारती अशा तिन्हीकडची मुले इथे एकाच सतरंजीवर बसतात. त्या दिवसाच्या टाचणात 'विहीर, झाड, घर' असे तीन शब्द होते. तिन्ही शिकवून झाले होते, म्हणजे काम पुरे झाले होते. रात्री भांडी घासताना मात्र 'बाव' हा शब्द मनातून जाईना. मुलाने तर बरोबर सांगितले होते! त्याच्या आजीच्या तोंडी विहिरीला हाच शब्द आहे. आणि ज्याने पाणी गच्चीवरच्या गोल टाकीतच साठलेले पाहिले, त्याने तरी काय चूक केली?

शिकवण्याआधी जे लिहायचे त्याला आपण टाचण म्हणतो. शिकवून झाल्यावर काय घडले, आपले काय चुकले, कोणते मूल कशाने खुलले, हे लिहून ठेवायला शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात शब्द नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत 'चिंतन' असते, पण "आज चिंतन लिहिलेस का?" असे शिक्षकांच्या खोलीत कुणी कुणाला विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. 'टाचण झाले का?' हे मात्र रोज विचारले जाते. गोष्टीला नाव नसले की तिला वेळही मिळत नाही, असे मला वाटते.

आणि तरीही शिकवून झाल्यावर मागे वळून पाहण्याची ही सवय आपल्याकडे नवी नाही. भावनगरला 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. त्यांच्या 'दिवास्वप्न' पुस्तकातला शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी हरतो. शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. मुलांना लवकर सोडून तो घरी येतो, आपले काय फसले याचा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. वर्ग चौथीचा आहे, पण बालवाडीच्या शिक्षिकेलाही ते पान लागू पडते. फसलेला दिवस गिजुभाईंनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठेवला, लपवला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

ताराबाई मोडक 1923 मध्ये गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. इथवर ही मुख्यतः शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांची गोष्ट होती. 1945 साली त्या बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि विचाराला खरी कसोटी लागली. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली त्या वस्त्यांतली मुले येईनात.

इथे सोपे उत्तर तयार होते. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, मुलांना शिस्त नाही, असे म्हणून बाजूला होता आले असते. या दोघींनी प्रश्न आपल्या बालवाडीला विचारला. मुले तिच्याकडे येत नाहीत, तर तिने मुलांकडे का जाऊ नये? मग बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरू लागली. अंघोळ घालणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांतून साधने घडली. पुढे, 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. मूल गुरांमागे गेले तर शिक्षकही तिथेच गेला. अंगणवाडी आणि कुरणशाळा या दोन्ही कल्पना शिक्षिकांनी आपल्याच कामाकडे उलटून पाहिल्याने सुचल्या. बोर्डी-कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे. 2014 पर्यंत तो भाग आणि आमचे अंबरनाथ एकाच ठाणे जिल्ह्यात होते. म्हणून हा वारसा मला घरचा वाटतो.

असे उलटून पाहण्याबद्दल बाहेरच्या विचारवंतांनीही लिहिले आहे. जॉन ड्यूई यांनी 1910 मध्ये विचार कसा घडतो यावर लिहिले. डोनल्ड शॉन यांनी 1983 मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम संपल्यावरचा विचार असा भेद दाखवला. शॉन यांच्या आधीच बोर्डीला हे दोन्ही चालू होते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगाव पोहोचला. त्याचा मला अभिमान आहे. पण शब्दामागची सवय तेवढी पोहोचली नाही. अंगणवाडी सेविकेपुढे वजन, उंची, आहार, लसीकरण यांच्या नोंदी असतात. त्या हव्यातच, कुपोषित मुलाला आधी जेवण लागते. पण तिने आज काय पाहिले, हे लिहायला कुठल्या रकान्यात जागा आहे? 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांच्या निरीक्षणाला मोठे स्थान आहे. निरीक्षणाला निवांतपणा लागतो. मुले घरी गेल्यावरची वीस मिनिटे शिक्षिकेच्या पगारी वेळात धरली, तरच हे घडेल.

माझी वीस मिनिटे सध्या रात्रीची आहेत. शंभर पानी साधी वही, एका मुलाला एक पान. सुरुवातीला मी फक्त 'रडला', 'बोलत नाही', 'लक्ष नाही' असे लिहीत होते. महिनाभराने वाचले तेव्हा दिसले की पान मुलाचे असले, तरी त्यावर माझी नाराजीच भरली होती. आता पाहिलेलेच लिहायचे असे ठरवले आहे: कोण कुणाशेजारी बसले, कोणता शब्द कुठून आला.

विहिरीच्या दुसऱ्या दिवशी मी चित्र पुन्हा काढले आणि फळ्यावर चार शब्द लिहिले: विहीर, बाव, कुआँ, टाकी. मुलांना अजून वाचता येत नाही, पण 'बाव'वाल्याला आपला शब्द फळ्यावर चढलेला कळला. उठून त्याने त्यावर बोट ठेवले. टाकी आणि विहीर वेगळी कशी, यावर बराच वाद झाला. पाणी खालून येते की वरून, यावर अर्धा तास गेला आणि त्या दिवशीचे टाचण तसेच राहिले.

रात्री वहीत तिन्ही मुलांची पाने भरली. मग त्यांच्यामागे बसणारी मुलगी आठवली. दोन्ही दिवस ती चित्राकडे बघत होती आणि काहीच बोलली नव्हती. तिच्या घरी पाण्याच्या जागेला काय म्हणतात, मला माहीत नाही. तिच्या पानावर मी फक्त तारीख घातली आहे.