नांव देणें आणि नांवें ठेवणें

वाचावयाचा भाग: उत्पत्ति 2:18-20, प्रेषितांचीं कृत्यें 17:22-28

देवानें पशुपक्षी आदामापुढें आणिले व त्यानें त्यांस नांवें दिलीं, हें आपण शास्त्रांत वाचतों. तें काम अद्यापि संपलें नाहीं.

स्वीडन देशांत एका पाळकाच्या घरीं 1707 सालीं जन्मलेल्या कार्ल लिनियस यानें त्या कामास शिस्त लाविली. एकाच झाडास कोणी आंबा म्हणतो, कोणी आम, कोणी मामिडी. मग दूरदेशींच्या विद्वानांस तें एकच झाड आहे हें कसें कळावें? म्हणून 1753 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें प्रत्येक वनस्पतीस लॅटिन वळणाचें दोन शब्दांचें नांव दिलें. आंब्याचें नांव मँजिफेरा इंडिका. पहिला शब्द आडनांवासारखा, जवळच्या आप्तांच्या गटाचा. दोन्ही मिळून एका जातीचें नांव होतें. हापूस, पायरी व बांधावरचा रायवळ यांची गोडी निराळी, बाजारांतला भाव निराळा. तरी शास्त्रज्ञांच्या वहींत तिघांस नांव एकच, कारण जाती एकच.

पुढें 1758 सालीं त्यानें मनुष्यासही असेंच नांव दिलें: होमो सेपियन्स. सर्व मनुष्यांस हें एकच नांव. परंतु येथें त्या विद्वानाचा पाय घसरला. त्याच नांवाखालीं त्यानें खंडाखंडांतील लोकांचे वर्ग पाडिले. युरोपांतील लोकांस कल्पक म्हटलें, आशियांतील लोकांस लोभी व आफ्रिकेंतील लोकांस आळशी ठरविलें. नांव द्यावयास बसला, तो नांवें ठेवूं लागला! आजचें शास्त्र ते वर्ग मानीत नाहीं. एक जाती ही गोष्ट मात्र टिकली. सर्व राष्ट्रांचें मूळ एकच आहे, असें पौलानेंही अथेनैकरांस सांगितलें होतें.

आतां आम्ही आपणांस विचारतों, आणि स्वतःसही विचारतों. बाप्तिस्म्यांत आपण ख्रिस्ताचें नांव घेतलें. परंतु जुन्या जातीचें नांव मनांत जपून ठेविलें नाहीं काय? प्रभुभोजनाचा प्याला आपल्या आधीं कोणाच्या ओठांस लागला, हें आपण पाहत नाहीं काय? मुलीचें लग्न जुळवितांना, 'हे मूळचे कोण?' असें हळूच विचारीत नाहीं काय? तर मग लिनियसची चूक ती आपलीही चूक आहे: वर नांव एक, आणि खालीं भेदांची यादी.

उपदेशक बंधूंनो, आरंभ आपणांपासून होऊं द्या. येत्या रविवारीं ज्याच्यापासून आपण अंतर राखून बसतों, त्याच्याच शेजारीं बसूं या. देव आम्हां सर्वांस साहाय्य करो. आमेन.