आवाज आपला, माणूस कुणाचा?



रेडिओवर एखाद्या ज्येष्ठ गायिकेची मुलाखत झाली की ऐकणाऱ्यांत तिची चर्चा पुढे दोन-चार दिवस चालते. आपल्या राजूरमध्येही चहाच्या टपरीवर, एस.टी.ची वाट पाहताना किंवा रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात हे बोलणे कानांवर पडते. "आवाज थकला हो आता," असे एक जण हळहळून म्हणतो. "एवढा अन्याय झाला, पण बाई एक शब्द बोलल्या नाहीत," असे दुसरा रागाने म्हणतो. "कसला अन्याय? मोठ्यांची बरोबरी करायला निघालात!" म्हणून तिसरा त्याच्यावर चिडतो. हे तिघेही गाण्याचे चाहते आहेत आणि प्रेमापोटीच बोलत आहेत. या प्रेमाविषयीच एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते. ज्या आवाजाने आपल्याला वर्षानुवर्षे आनंद दिला, तो गाणाऱ्या माणसावर आपला हक्क किती? आणि आपण त्या माणसाचे काय देणे लागतो?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून सर्वांच्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. सुमन कल्याणपूर हे नाव मराठी घरांत सांगावे लागत नाही. माहेरच्या त्या हेमाडी. 28 जानेवारी 1937 रोजी ढाका येथे त्यांचा जन्म झाला. 1943 साली कुटुंब मुंबईला आले. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि गाण्याची गोडी लागली ती केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणकारांच्या सहवासात. 1952 साली आकाशवाणीवर गाण्याची संधी मिळाली आणि पुढच्याच वर्षी 'शुक्राची चांदणी' या मराठी चित्रपटासाठी त्यांचा आवाज लोकांपर्यंत गेला. तेव्हापासून भावगीते, भक्तिगीते, हिंदी चित्रपटगीते असे पुष्कळ काम त्यांनी केले. 'बाळा गाऊ कशी अंगाई' या 1977 च्या चित्रपटातील त्यांची अंगाई आजही कितीतरी आया गुणगुणतात, आणि त्यांतल्या अनेकींना ती मूळची कुणाची हे ठाऊक नसते.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. सुमनताईंचा आवाज लता मंगेशकरांच्या आवाजाच्या इतका जवळचा होता की त्यांची अनेक गाणी लोकांनी लतादीदींची म्हणूनच ऐकली. 'जब जब फूल खिले' (1965) आणि 'ब्रह्मचारी' (1968) या चित्रपटांत महंमद रफींबरोबर त्यांनी गायिलेली युगुलगीते गाजली, पण आजही पैज लावून ती लतादीदींची म्हणणारे भेटतात. या घोटाळ्याला काळही कारणीभूत होता. 1952 नंतर केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली ती या श्रोत्यांना परत आणण्यासाठीच. मात्र तोपर्यंत सिलोनचा कान घरोघर लागला होता. सिलोनवर गाणे लागे तेव्हा गायकाचे नाव सांगितले जात नसे, तबकड्यांवरही कधी कधी चुकीचे नाव छापलेले असे, आणि त्यामुळे गोंधळ वाढला असावा, असे सुमनताईंनीच पुढे सांगितले आहे. त्याचबरोबर आपण लतादीदींच्या गाण्यांनी भारावलेल्या होतो, महाविद्यालयात असताना त्यांचीच गाणी म्हणत असू, आपला आवाज मुळातच नाजूक आणि बारीक होता, त्याला आपण काय करणार, असेही त्यांनी सरळपणे सांगितले आहे. 'चाँद' (1959) या चित्रपटात तर दोघी एकत्र गायिल्या आहेत.

सुमनताई मुलाखती फार कमी देत. विविध भारतीच्या 'उजाले उनकी यादों के' या कार्यक्रमात जुन्या कलावंतांशी सावकाश गप्पा होतात, तेथे त्या बोलल्या तेव्हा श्रोत्यांना पर्वणीच वाटली. इतक्या वर्षांनी बोलणाऱ्या व्यक्तीकडून ऐकणाऱ्याच्या अपेक्षाही मोठ्या असतात. वर सांगितलेले तिघे चाहते अशा वेळी हमखास भेटतात.

या तिघांकडे जरा थांबून पाहू. पहिल्याला तिशीतला आवाज हवा आहे. तो आवाज ध्वनिमुद्रिकेत जसाच्या तसा आहे, पण समोर बोलणाऱ्या माणसाचे वय वाढले ही गोष्ट त्याला सोसत नाही. दुसऱ्याला तक्रार हवी आहे. कुणी अडवले, कुणी डावलले, हे त्या बोलल्या तरच मुलाखत खरी, नाहीतर त्या भिऊन गप्प राहिल्या, असे त्याचे मत तयारच आहे. तिसऱ्याला आपल्या दैवताची बाजू राखायची आहे, म्हणून दुसऱ्या कुणाचे कौतुक झाले की त्याला ते आपल्या दैवताचा अपमान वाटते. तिघांनीही मुलाखत पूर्ण ऐकली. तरी त्यांनी जे ऐकले ते आपल्याच मनातले होते. बोलणारी व्यक्ती काय म्हणाली ते बाजूलाच राहिले.

असे का होते? याचे एक कारण रेडिओच्या स्वभावात आहे. रेडिओवर आवाज येतो, माणूस येत नाही. 1955 साली रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची 56 गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. त्या काळी प्रसारणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, अशी आठवण जुनी मंडळी सांगतात. ती श्रद्धा खोटी नव्हती. पण ज्या पेटीतून आवाज आला तिच्याच गळ्यात हार पडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आवाज आपल्या घरात राहायला येतो, आपल्या अंगाईत, लग्नात, दुःखात मिसळतो आणि हळूहळू आपल्याला वाटू लागते की तो आपलाच आहे. इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडते ते यापुढच्या पायरीवर. आवाज माझा, तर गाणारीही माझी, तिची मतेही माझ्या मनासारखी हवीत आणि तिच्या जखमाही माझ्यापुढे उघड्या हव्यात, असे आपण धरून चालतो.

संत ऑगस्टिन (354–430) यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात गाण्याविषयी एक अवघड प्रश्न विचारला आहे. चर्चमधील गायनाने त्यांच्या डोळ्यांत पाणी येत असे. पण जे गायिले जाते त्यापेक्षा गाण्याच्या गोडीनेच मन जास्त हलले, तर त्यात आपले काही चुकते, असे त्यांना वाटे. तरीही गायन बंद करा असे ते म्हणाले नाहीत. त्यांची चिंता स्वर आणि अर्थ यांच्याविषयी होती. आज आपल्याला हाच प्रश्न स्वर आणि माणूस यांच्याविषयी विचारायला हवा. गोडीत आपण इतके रमलो का, की गाणारे माणूस आहे हेच विसरलो?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट (1724–1804) यांचे या बाबतीतले म्हणणे असे की, कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतोच. शिंपी आपले कपडे शिवतो, गायिका आपल्याला आनंद देते, त्यात गैर काही नाही. गायिका केवळ आपल्या आनंदासाठी आहे, किंवा आपल्या भांडणात साक्षीदार म्हणून उभी करण्यासाठी आहे, असे मानले की तिचे माणूसपण आपण नाकारतो. सुमनताईंच्या नावाने लतादीदींवर राग काढणारा चाहता स्वतःला त्यांचा कैवारी समजतो. पण जे त्या बोलल्या नाहीत ते त्यांच्या तोंडी घालणे ही त्यांची सेवा कशी? दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीची मनाई आहे. ती फक्त शत्रूविरुद्ध दिलेल्या साक्षीला लागू आहे, असे आपण समजतो. आवडत्या माणसाच्या बाजूने दिलेली खोटी साक्षही खोटीच असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कुणी म्हणेल, "फादर, मग अन्यायाचे काय? ज्याच्यावर अन्याय झाला तो गप्प राहिला म्हणून आपणही गप्प राहायचे? अशाने जुलूम करणाऱ्यांचेच फावेल." आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरात सासुरवास सोसणारी सून गप्प असते, शेतात राबूनही पूर्ण मजुरी न मिळालेला मजूर गप्प असतो. त्यांचे गप्प बसणे हे समाधान नव्हे, हे आपल्याला कळायला हवे आणि तेथे आपण बोललेच पाहिजे.

परंतु दोन गोष्टींत फरक करावा लागेल. एक गोष्ट उघड्यावरची असते. तबकडीवर नाव चुकले, निवेदनात नाव गाळले गेले, ही सर्वांसमोरची चूक आहे. ती दुरुस्त करायला गायिकेच्या तक्रारीची गरजच नाही, ती आपण आजच करू शकतो. दुसरी गोष्ट माणसाच्या अंतःकरणातली असते. तिला कुणाविषयी काय वाटले, तिने काय माफ केले, काय विसरली, काय जवळ ठेवले, हे सांगायचे की नाही ते तिने ठरवायचे. गंमत अशी की आपण नेमके उलटे करतो. सोपी दुरुस्ती, म्हणजे खरे नाव घेणे, आपण करत नाही. आणि ज्यावर आपला हक्क नाही ती मनातली गोष्ट खोदत बसतो. मजुराच्या बाबतीतही आधी त्याची मजुरी देऊन टाकावी. त्याला किती दुःख झाले याची चर्चा त्यानंतरची.

कृतज्ञता आणि मालकी यांत हाच भेद आहे. मालक म्हणतो, मी इतकी वर्षे ऐकले, आता मला आणखी द्या. कृतज्ञ माणूस म्हणतो, मला इतकी वर्षे मिळाले, आता मी काय देऊ? श्रोत्याने देण्यासारखे असते ते साधे असते: खरे नाव घेणे, आणि ती बोलेल तेव्हा तिचेच बोलणे ऐकणे. 2023 साली सुमनताईंना पद्मभूषण मिळाले. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कारही त्यांना मिळाला आहे. हे मानसन्मान सरकारने द्यायचे ते दिले. घराघरांतली नावाची बाकी मात्र ज्याची त्याने फेडायची आहे.

हे आपल्या धर्मग्रामालाही लागू आहे. दर रविवारी गायनवृंदात कुणीतरी गाते, कुणी पेटी वाजवते, कुणी ढोलकी. सूर चुकला की आपल्याला चटकन कळते आणि मिस्सानंतर आपण ते बोलूनही दाखवतो. गाणारीचा घसा आठवडाभर बसला होता का, तिच्या घरी कुणी आजारी आहे का, हे किती जण विचारतात? लग्नात रात्रभर गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मावशींचे आपण सगळे ऋणी आहोत, पण कित्येक मुलांना त्यांचे नाव माहीत नसते. मावशी आता गात नाहीत म्हणून हळहळण्याआधी त्यांच्या शेजारी जाऊन बसावे, आणि त्या गाण्याविषयी न बोलता गुडघेदुखीविषयी बोलल्या तरी तेही मनापासून ऐकावे.

या आठवड्यात घरी एखादे जुने गाणे लागेल तेव्हा ते कुणी गायिले हे मुलांना सांगा. नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने मोठ्या माणसाचे नाव ठोकून देऊ नका, कुणा जाणकाराला विचारा आणि मगच सांगा.

आपले फादर